प्रोसेसरला १.३५ व्होल्ट चालतील का?

ओव्हरक्लॉकिंगला, म्हणजे प्रोसेसर ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायला, हात घालणारा प्रत्येक जण हेच विचारतो आणि उत्तरात त्याला एकच आकडा हवा असतो. असा आकडा नाही. व्होल्टेज, करंट आणि तापमान यांचा हिशेब एकत्रच मांडावा लागतो.

वेग वाढवायचा तर ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधले सूक्ष्म स्विच, अधिक झपाट्याने चालू-बंद व्हायला हवेत, आणि त्यासाठी व्होल्टेज चढवावं लागतं. गोम इथेच आहे. विजेचा खर्च वेगाच्या पटीत वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. १.२० चे १.३५ व्होल्ट केले आणि वेग १० टक्के वाढवला, तर १२५ वॅट खाणारा प्रोसेसर १७५ च्या आसपास जातो. दहा टक्के वेगासाठी चाळीस टक्के जास्त उष्णता!

उष्णता निदान कूलर बाहेर टाकतो. पण ट्रान्झिस्टरच्या गेटखालचा (गेट म्हणजे त्याला चालू-बंद करणारा भाग) विद्युतरोधक थर जेमतेम दोनेक नॅनोमीटर जाड असतो. त्यावर १.३५ व्होल्ट म्हणजे, ढोबळमानाने, मीटरला साडेसदुसष्ट कोटी व्होल्टचा ताण. हवेत तीस लाखांनाच ठिणगी पडते. हा थर लगेच फुटत नाही, त्यात दोष साचत जातात. तिकडे चिपमधल्या सूक्ष्म तारांत इलेक्ट्रॉनचा लोंढा धातूचे अणू जागेवरून ढकलत असतो. हे इलेक्ट्रोमायग्रेशन. जेम्स ब्लॅक यांनी १९६९ मध्ये त्याचं सूत्र मांडलं: करंटची घनता आणि तापमान वाढलं की तारेचं आयुष्य झपाट्याने घटतं.

म्हणून तर एएमडी कंपनीचे काही रायझन प्रोसेसर हलक्या कामात, एखादाच कोअर (प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) पळत असताना, स्वतःहून १.४५ व्होल्टपर्यंत जातात आणि त्यात काही वावगं नसतं, कारण करंट कमी असतो. तेच १.४५ बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, कायमचे ठोकून सगळे कोअर राबवले, तर चिपचे दिवस भरलेच म्हणायचे.

आता आपल्या ठाणे शहरातल्या उकाड्याचा मुद्दा. नेहमीचा कूलर, हवेचा असो की पाण्याचा, चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. परदेशात २२ अंशांच्या खोलीत ८० वर थांबलेली चिप घोडबंदर रोडच्या बिनएसीच्या फ्लॅटमध्ये, मे महिन्यात ३४ अंशांत, ९२ ला टेकते. तिकडचे ‘सुरक्षित’ आकडे जसेच्या तसे उचलू नयेत ते यासाठी. (पावसाळ्यातल्या दमटपणाला मात्र उगाच घाबरतात; चिप खोलीपेक्षा गरम असते, तिच्यावर दव धरणार कसं?) पलीकडे नवी मुंबईत ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरमध्ये तर ओव्हरक्लॉकिंगच्या वाटेला कोणी जात नाही. तिथे सर्व्हर वर्षानुवर्षं अखंड चालायला हवा.

कंपन्याही यात पोळल्या आहेत. २०२३ मध्ये काही रायझन ७००० प्रोसेसर जळाल्यावर एएमडीने एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांना मिळणाऱ्या व्होल्टेजला) १.३ ची मर्यादा घातली. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतल्या काही चिप अस्थिर झाल्या. ऑगस्टच्या मायक्रोकोडने (चिपच्या आतल्या सूचनांच्या अपडेटने) व्होल्टेजची मागणी १.५५ वर रोखली, पण आधीच झिजलेल्या चिप त्याने सुधारणार नव्हत्या.

ओव्हरक्लॉकिंग करायचंच असेल, तर बायोसमधल्या ‘ऑटो’वर विसंबू नका, मदरबोर्ड बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देतो. एका वेळी ०.०१ व्होल्टच चढवा, आणि बायोसमध्ये भरलेला आकडा नव्हे, तर पूर्ण लोडवर सेन्सर दाखवतो तो बघा. चाचणी भर दुपारी घ्या, एसी बंद ठेवून.