घामाचा गारवा, ढगाचा गारवा

ऑक्टोबरात गणपतीपुळ्याहून आरे-वारे मार्गे रत्नागिरीला एकटाच चालत निघालो. पहाटे डाव्या अंगाला मतलई वारा लागत होता. रात्री जमीन समुद्राआधी निवते, म्हणून हा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. दिवसा जमीन तापली की खारे वारे उलटे येतात. या अदलाबदलीच्या मधे, नऊ-दहाच्या सुमारास, वारा साफ पडतो. नेमका तेव्हाच मी सड्याचा, म्हणजे कातळाच्या उघड्या पठाराचा, चढ चढत होतो.

कोकणात चालणारे पावसाला भितात, पण मला या पडलेल्या वाऱ्याची धास्ती जास्त. चढताना स्नायूंत जळलेल्या ऊर्जेचा जेमतेम पाव हिस्सा चालण्याच्या कामी येतो, बाकीची नुसती उष्णता. ती बाहेर काढायला घाम. एक लिटर घाम वाळताना अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तेवढ्या उष्णतेत बर्फासारखं गार पाणी साडेपाच लिटरहून जास्त उकळीला येईल! पण त्यासाठी घाम वाळायला हवा. दमट, थांबलेल्या हवेत तो नुसता निथळतो. पाणी आणि मीठ जातं, उष्णता अंगातच राहते. शिवाय उष्माघात होऊ लागला की माणूस गोंधळतो, असंबद्ध बोलतो. सोबत कोणी असेल तर त्याला ते कळतं, आपलं आपल्याला कळत नाही. म्हणून एकटा असलो की मी तहानेवर विसंबत नाही. घड्याळ लावून दर अर्ध्या तासाने सावली गाठतो आणि मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी पितो.

दुपारी सड्यावरचा कातळ पायाखाली भाजत होता. जून-जुलैत पाऊस समुद्राकडून चाल करून येतो. परतीचा पाऊस मात्र बहुधा सह्याद्रीवर ढग रचून दुपारनंतर पश्चिमेला सरकतो. समुद्र पाहत चालणाऱ्याच्या तो पाठीमागून येतो. खाली खाचरांत भात कापून पसरलेलं होतं आणि माणसं घाईघाईने पेंढ्या बांधत होती. त्यांचं लक्ष पूर्वेकडे होतं, म्हणून मीही वळून पाहिलं.

तेवढ्यात गार वाऱ्याचा झोत आला. ढगातून पडणारे काही थेंब खालच्या कोरड्या हवेत वाटेतच वाळतात आणि भोवतालच्या हवेची उष्णता शोषून घेतात. गार झालेली ती हवा जड होऊन कोसळते, जमिनीवर आपटते आणि सरीच्या पुढे चहूकडे पसरते. माझ्या पाठीवर सकाळी जे घडायला हवं होतं, तेच आभाळात घडलं होतं. तो गारवा फार सुखाचा वाटतो, पण त्याचा अर्थ वादळ अगदी जवळ आहे एवढाच.

वीज चमकली. मोजू लागलो, नऊ आकडे झाले आणि गडगडाट ऐकू आला. आवाज किलोमीटरभर यायला तीन सेकंद घेतो, म्हणजे वीज तीन किलोमीटरवर. पुढची कुठेही पडू शकते. उघड्या सड्यावर सगळ्यांत उंच वस्तू मीच होतो, आणि एकट्या झाडाखाली उभं राहणं त्याहून वाईट. जांभ्याच्या पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, धावत उतरलो आणि पहिल्या घराच्या पडवीत शिरलो.

"ओला सदरा काढ आधी," घरातल्या आजी म्हणाल्या, "चहा मग." वारा आता जोरात होता. सकाळी न वाळणारं पाणी आता अंगावरून भराभर वाळत होतं आणि मी कुडकुडत होतो. कोरडा सदरा घातला, चहा घेतला. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच बसलो आणि मग शिरगावच्या वाटेला लागलो.