क्लच कडक, पण प्लेट संपलेली

जुनी गाडी बघायला गेलं की विकणारा हमखास सांगतो, “क्लच बघा कसा टाइट आहे, प्लेट नवीनच आहे.” घेणाराही पाय देऊन बघतो. पेडल उंचावर, दाबायला जड. त्याचंही समाधान होतं. वायरवर चालणाऱ्या क्लचच्या गाडीत मात्र हा निष्कर्ष बहुतेक वेळा साफ उलटा असतो.

अशा गाड्यांचा आपल्याकडचा सगळ्यात ओळखीचा नमुना म्हणजे मारुती 800. डिसेंबर 1983 मध्ये पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली, जानेवारी 2014 मध्ये उत्पादन थांबलं, आणि तालुक्याच्या गावी ती अजून सर्रास दिसते. तिच्या पेडलपासून निघालेली क्लच वायर गिअरबॉक्सवरच्या एका लिव्हरला ओढते. लिव्हर आत बेअरिंग ढकलतो, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या मधल्या पोलादी बोटांवर दाबतं, आणि फ्लायव्हील (इंजिनसोबत फिरणारं जड चाक) व प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला त्या चाकावर दाबून धरणारी तबकडी) यांच्यामध्ये चिमटलेली क्लच प्लेट मोकळी होते.

छोट्या गाडीची नवी प्लेट 7-8 मिलिमीटर जाड असते. घर्षणाचा थर पकडून ठेवणारे रिव्हेट उघडे पडेपर्यंत झिजायला तिच्याकडे जेमतेम दीड-दोन मिलिमीटर असतात. प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेट तेवढीच फ्लायव्हीलकडे सरकते. पण तिच्यामागची स्प्रिंग मध्ये टेकूवर बसवलेली असते, आणि ती पोलादी बोटं म्हणजे याच स्प्रिंगचा आतला भाग. त्यामुळे बाहेरची कड फ्लायव्हीलकडे गेली की आतली बोटं उलट दिशेला, म्हणजे बेअरिंगकडे, येतात. इथे तरफेचा शाळेतला नियम लागू होतो. समजा बोटांचं गुणोत्तर 3, लिव्हरचं 2 आणि पेडलचं 4 धरलं, तर प्लेटची 1 मिलिमीटर झीज पेडलपाशी 24 मिलिमीटर होते! क्लच सोडताना गाडी पूर्वी पाय खाली असतानाच उचल घ्यायची, ती आता पाय पार वर आल्यावर घेते. पेडलला वर अडवणारा स्टॉपर नसेल, तर पेडलच वर येऊन बसतं.

हे झालं उंचीचं. कडकपणाची गोष्ट मला जास्त आवडते.

प्रेशर प्लेटमधली स्प्रिंग वेटोळ्याची नसते. ती पोलादी पत्र्याची, उथळ शंकूच्या आकाराची चकती असते. अशा चकत्यांचं पेटंट फ्रान्समध्ये झ्युलियाँ बेलव्हिल यांनी 1867 मध्ये घेतलं. शिलाई मशीनच्या तेलाची कुपी आठवा. तिचा तळ दाबताना आधी अंगठ्याला विरोध होतो, मग एका क्षणी तो विरोध मावळतो आणि तळ ‘टक’ करून आत जातो. चकतीचंही तसंच. शंकू सपाट होताना आतल्या कडेचं वर्तुळ आवळलं जातं, बाहेरच्या कडेचं ताणलं जातं, म्हणून सुरुवातीला जोर वाढत जातो. पण चकती पूर्ण सपाट झाली की या आवळण्या-ताणण्याला उभ्या दिशेने ढकलायला कोनच उरत नाही. उरतो तो फक्त पत्रा वाकण्याचा विरोध. म्हणून जोराचा आलेख आधी चढतो, मग उतरतो.

1936 मध्ये आल्मेन आणि लास्लो या अभियंत्यांनी याचं गणित मांडलं. शंकूची उंची भागिले पत्र्याची जाडी हे गुणोत्तर 1.41, म्हणजे दोनाच्या वर्गमुळापेक्षा जास्त असेल तरच आलेखाला असा उंचवटा येतो. ते 2.83 च्या पुढे गेलं, तर जोर शून्याखाली जातो आणि चकती पलटी होऊन तशीच राहते. क्लचची चकती या दोन आकड्यांच्या मधली.

नवी प्लेट बसवलेली असताना चकती जवळपास सपाट, म्हणजे उंचवट्याच्या उतारावर असते. पेडल दाबलं की ती आणखी उताराला लागते, म्हणून सिग्नलला क्लच दाबून धरणं सुसह्य होतं. प्लेट झिजली की चकती थोडी सैल होऊन पुन्हा शंकूकडे, म्हणजे उंचवट्याच्या माथ्याकडे सरकते. तिथे तिचा जोर जास्त! विकणारा ज्या कडकपणाची जाहिरात करतो, तो बऱ्याचदा हा असतो. वायर आतून गंजली तरी पेडल जड होतं, पण मग ते परत वर येतानाही आळस करतं.

दुरुस्ती तशी सोपी. इंजिन बंद, हॅंडब्रेक वर. पेडल बोटाने हलकेच दाबा. जोर लागायला सुरुवात होईपर्यंत जी मोकळी चाल मिळते, तो ‘प्ले’. पट्टीने मोजा आणि गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून बघा. प्ले कमी असेल तर लिव्हरपाशी वायरच्या टोकाला असलेला नट ढिला करायचा. प्ले अजिबात उरला नाही, तर बेअरिंग कायम बोटांवर टेकून फिरत राहतं, आणि पुढे क्लच घसरतो. घाटात इंजिन ओरडतं, गाडी मात्र ढिम्म. प्ले जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, रिव्हर्स टाकताना खर्रकन आवाज येतो. अशा वेळी नट आवळण्याआधी पायाखाली बघा. मॅटवर मॅट घातलेल्या असतील, तर पेडल तळापर्यंत जातच नाही. मग वायरचे पीळ तुटलेत का तेही पाहा. तुटत आलेली वायर आवळून दोन दिवस बरं वाटतं, आणि मग ती भर चौकात जाते.

काही मंडळी क्लच वारंवार जळतो म्हणून बंपरला लिंबू-मिरची बांधतात. पाय मात्र दिवसभर पेडलवर ठेवलेला असतो. लिंबू-मिरचीवाल्याचा धंदा होतो आणि क्लच प्लेटवाल्याचाही.

नट ढिला करत करत आटे संपले आणि पेडल तरी वरच, तर गिअरबॉक्स उतरवायची वेळ आली. तेव्हा नुसती प्लेट बदलू नका. प्रेशर प्लेट आणि बेअरिंगही त्याच मजुरीत बदलून घ्या.

बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये वायरच्या जागी तेलाच्या दाबावर चालणारा क्लच आला. तिथे प्लेट झिजली की गिअरबॉक्सकडचा पिस्टन आपोआप मागे सरकतो, पेडलची उंची जागच्या जागी राहते, आणि झीज उंचीवरून कळायची सोय जाते. पिस्टनने मागे ढकललेलं तेल त्याच्या छोट्या टाकीत परत येतं. त्यामुळे ब्रेकच्या पॅडची झीज ब्रेकच्या तेलाची पातळी खाली नेते, तर क्लच प्लेटची झीज क्लचच्या तेलाची पातळी किंचित वर आणते. क्लचच्या तेलाची पातळी उतरलेली दिसली, तर प्लेटला दोष देऊ नका. गळती शोधा.