मर्ज विंडो आणि कमिटफेस्ट : तारीख नेमकी कोणासाठी?

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, पहिल्यांदा पॅच (कोडमधला बदल) पाठवणाऱ्यांची एक ठरलेली गफलत आहे. ‘मर्ज विंडो उघडली’ असं कानावर येतं आणि पठ्ठ्या त्याच आठवड्यात घाईघाईने पॅच धाडून देतो. उत्तर येतं, आत्ता नको, विंडो बंद झाल्यावर पाठव. खिडकी उघडी असताना नको आणि बंद झाल्यावर हवा, हा काय प्रकार? ज्याने पोस्टग्रेस या डेटाबेसच्या कमिटफेस्टबद्दल (पॅच तपासण्यासाठी राखलेल्या महिन्याबद्दल) ऐकलेलं असतं, तो तर आणखीच चक्रावतो, कारण तिथे महिना सुरू होण्याआधी पॅच नोंदवायचा असतो आणि महिनाभर त्यावर काम चालतं. दोन्हीला सर्रास ‘पॅचची डेडलाइन’ म्हटलं जातं, आणि पॅच राहून गेला की त्या तारखेने अन्याय केला अशी तक्रार होते. प्रत्यक्षात पहिली तारीख मेंटेनरांना (कोडचा एकेक विभाग सांभाळणाऱ्यांना) लागू आहे, दुसरी पॅच लिहिणाऱ्याला. कोणावर अन्याय झाला, हे ठरवताना आधी एवढं तरी पाहायला हवं.

कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते. त्यातले पहिले दोन आठवडे म्हणजे मर्ज विंडो. या काळात कर्नलचा जनक लिनस टोरवाल्ड्स नेटवर्किंग, फाइलसिस्टीम, ग्राफिक्स अशा एकेका विभागाच्या मेंटेनरकडून पुल रिक्वेस्ट (जमवलेला कोड आत घेण्याची विनंती) घेतो. नव्या कोऱ्या पॅचचं इथे काही काम नसतं. जे आत जायचं ते आधीच तपासून, लिनक्स-नेक्स्ट या एकत्रित शाखेत मुरलेलं असावं, ही अपेक्षा. २००८ मध्ये स्टीफन रॉथवेल यांनी ही शाखा सुरू केली ती याचसाठी, की वेगवेगळ्या विभागांचा कोड एकमेकांशी भांडतोय का ते विंडोच्या आधीच कळावं. विंडो संपली की आरसी१ (पहिली रिलीज कँडिडेट, म्हणजे चाचणीसाठीची आवृत्ती) निघते, मग दर आठवड्याला एक आरसी, बहुतेक वेळा सातपर्यंत. त्या काळात फक्त दुरुस्त्या. पण याच शांत आठवड्यांत मेंटेनर पुढच्या आवृत्तीसाठीचे पॅच गोळा करत असतात.

म्हणजे लिहिणाऱ्याची खरी मुदत विंडो उघडण्याच्या कितीतरी आधी संपलेली असते, आणि ती प्रत्येक विभागात वेगळी असते. नेटवर्किंगवाल्यांनी हे सर्वांत स्वच्छ करून ठेवलंय: मर्ज विंडो उघडली की त्यांची नेट-नेक्स्ट शाखा नव्या फीचरना बंद, आरसी१ आली की पुन्हा सुरू. इतर ठिकाणी मेंटेनरच्या सवयी माहीत असाव्या लागतात. जुन्यांना त्या माहीत असतात, नव्याला ठेच लागल्यावर कळतात. कर्नलमधल्या पक्षपाताबद्दल बोलायचं तर ते इथे बोलावं. दोन आठवड्यांच्या तारखेवर राग काढण्यात अर्थ नाही.

बरं, मेंटेनरला तरी ते दोन आठवडे पूर्ण मिळतात का? ऑगस्ट २०२५ मध्ये ६.१७ ची विंडो चालू असताना रिस्क-५ या प्रोसेसर-रचनेच्या विभागाची पुल रिक्वेस्ट शेवटच्या टप्प्यात आली. लिनसने ती सरळ परत पाठवली. त्याची तक्रार दुहेरी होती: प्रवासात असल्यामुळे रिक्वेस्ट लवकर पाठवा असं त्याने आधीच सांगितलं होतं, आणि आलेल्या कोडमध्ये सगळ्या कर्नलसाठीच्या हेडर फाइलमध्ये फालतू मॅक्रो (कोडचे छोटे साचे) घुसवले होते. दोन सोळा-बिटी आकडे जोडून एक बत्तीस-बिटी आकडा करणारा मॅक्रो, ज्याच्या नावावरून कुठला तुकडा वर आणि कुठला खाली हेच कळत नाही! त्याची भाषा नेहमीसारखी जहाल होती. तिचं समर्थन मी करणार नाही, पण मुद्दा रास्त होता. विंडो उघडी असणं म्हणजे शेवटच्या दिवशी येण्याचा हक्क नव्हे.

उलट बाजूचं उदाहरण बीकॅशएफएस या फाइलसिस्टीमचं. ६.१६ च्या आरसी३ वेळी, म्हणजे फक्त दुरुस्त्यांच्या काळात, तिथून डेटा वाचवण्यासाठीची एक नवी सोय आली. वापरणाऱ्यांचा डेटा अडकलाय, थांबायचं कसं, हा तिच्या मेंटेनरचा युक्तिवाद. लिनसने रिक्वेस्ट घेतली, पण यापुढे आपले रस्ते वेगळे असंही सुनावलं. ६.१८ मध्ये ती फाइलसिस्टीम कर्नलमधून काढलीच गेली. अर्थात एका आरसीवरून एवढं झालं नाही, ती कुरबूर जुनी होती.

आता पोस्टग्रेस. तिथे २००८ पासून कमिटफेस्ट आहेत: जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्च, प्रत्येकी महिनाभर. आपला पॅच त्या यादीत आपणच नोंदवायचा. मग त्याच्यासमोर स्थिती दिसते: रिव्ह्यू हवा, लेखकाची वाट, कमिटरसाठी (कोड आत घालण्याचा अधिकार असलेल्यासाठी) तयार, फीडबॅकसह परत. यादी सर्वांना उघडी, त्यामुळे कोणाचा पॅच किती दिवस कुजतोय हेही चव्हाट्यावर. शिवाय एक संकेत असा, की तुम्ही जेवढ्या वजनाचा पॅच टाकाल तेवढ्याच वजनाचा दुसऱ्या कोणाचा तरी तपासायचा. नव्या माणसासाठी ही पद्धत मला कर्नलपेक्षा सरळ वाटते. कोणाची ओळख लागत नाही.

पण यादीत नाव असणं म्हणजे पॅच आत जाणं नव्हे. कमिट करण्याचा अधिकार तीसेक लोकांकडे, पॅच शेकड्यांनी. खरा ताण येतो तो मार्चनंतरच्या फीचर फ्रीझला (त्यापुढे त्या आवृत्तीत नवी सोय घेत नाहीत), साधारण ८ एप्रिलच्या सुमारास. मोठा पॅच पहिल्यांदाच मार्चमध्ये आणू नये असा दंडक आहे. तरीही शेवटच्या आठवड्यात कमिटचा पूर लोटतोच. त्यात कमिटरला स्वतःचा पॅच स्वतः ढकलता येतो, बाकीच्यांना कोणीतरी हातात घेण्याची वाट पाहावी लागते. वेळेच्या बाबतीत मात्र ते अगदी काटेकोर. २०२४ ची मुदत ‘पृथ्वीवर कुठेही’ या हिशेबाने होती, म्हणजे जगाच्या शेवटच्या टोकावरही ७ एप्रिल संपेपर्यंत. भारतात तेव्हा ८ तारखेचे संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. पुण्यात पोस्टग्रेसवर काम करणाऱ्याला घड्याळाबद्दल तक्रारीला जागा नाही. कमिटर मिळाला नाही याबद्दल आहे.

आणि कमिटरच्या हातून आत गेलेलंही टिकेलच असं नाही. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतली मर्ज ही आज्ञा (कर्नलच्या मर्ज विंडोशी तिचा संबंध नाही) पोस्टग्रेस ११ साठी एप्रिल २०१८ च्या सुरुवातीला, फ्रीझच्या तोंडावर कमिट झाली. इतर जाणत्या कमिटरांनी तिच्या अंतर्गत रचनेवर आक्षेप घेतले आणि त्याच महिन्यात ती मागे घेतली गेली. शेवटी ती आली पोस्टग्रेस १५ मध्ये, २०२२ साली.

दोन्हीकडच्या उशिराची किंमतच वेगळी आहे. कर्नलमध्ये विंडो हुकली तर पुढची दोन-अडीच महिन्यांत येते. म्हणून तिथे ‘आता नाही, पुढच्या वेळी’ हे सांगणं सोपं, आणि ऐकणंही. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती वर्षातून एकदा. मार्चचा कमिटफेस्ट हुकला की वर्ष गेलं, त्यामुळे माणसं शेवटच्या दिवशी कच्चा कोड रेटतात आणि कमिटरही भिडेपोटी घेतात. लिहिणाऱ्याने करायचं ते एवढंच: कर्नलसाठी तुमच्या विभागाचा मेंटेनर कितव्या आरसीपर्यंत पॅच घेतो ते आधी विचारा. पोस्टग्रेससाठी पॅच जुलैच्याच यादीत टाका, आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या कोणाचा तरी तपासायला घ्या.