प्रश्न विचारायची मुभा कुणाला?

‘कुठं निघाला बे?’ असं सोलापुरात कुणी विचारलं तर त्याला पत्ता नको असतो. ओळख आहे, एवढंच सांगायचं असतं. ‘बार्शीची एसटी गेली का?’ यात खरोखर माहिती हवी असते. पण ‘असं का केलं?’ हा प्रश्न वेगळ्या जातीचा. तो जाब मागतो. जाब कुणी कुणाला विचारायचा, यावरून माणसं पूर्वीपासून भांडत आली आहेत.

उपनिषदांतही ही मुभा सरसकट नव्हती. पिप्पलाद ऋषींनी शिकायला आलेल्या सहा जणांना आधी वर्षभर तप करायला लावलं, मग विचारू दिलं. जनक राजाच्या सभेत गार्गीला याज्ञवल्क्यांनी बजावलं, फार विचारू नकोस, मस्तक गळून पडेल. तिने त्याच सभेत पुन्हा उठून विचारलंच.

सोलापूर म्हणजे तेव्हाचं सोन्नलगी. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी इथे तलाव खोदवला, देवळं उभारली. शरणांच्या, म्हणजे बसवण्णांच्या काळातल्या शिवभक्त संतांच्या, परंपरेतली कथा अशी की त्यांच्यातले अल्लमप्रभू इथे आले आणि नेमकं या कामावरूनच त्यांनी सिद्धरामांना छेडलं. एवढं बांधलंस, पण स्वतःची ओळख पटली का, असा त्या प्रश्नांचा रोख होता. खोदकामावरचे लोक दगड घेऊन धावले. सिद्धरामही आधी संतापले. शेवटी मात्र ते अल्लमांबरोबर कल्याणला (आजचं कर्नाटकातलं बसवकल्याण), शरणांच्या चर्चासभेत, अनुभवमंटपात गेले. आज ते या शहराचं ग्रामदैवत आहेत. त्यांनाही कुणीतरी अडवून विचारलं होतं, हे परंपरेने लपवलं नाही, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

खालून वर विचारलेल्या प्रश्नाचं काय होतं, ते मंगळवेढ्याच्या चोखोबांच्या घरात दिसतं. त्यांच्या पत्नी सोयराबाई विचारतात, विटाळ देहातच जन्मतो, तर सोवळा झाला कोण? मुलगा कर्ममेळा थेट विठ्ठलालाच धरतो: आमची याती हीन केलीस, तुला हे कळत कसं नाही? हे चौदाव्या शतकातले प्रश्न. पंढरीच्या देवळाचं दार दलितांना उघडलं ते १९४७ च्या मे महिन्यात, साने गुरुजी उपोषणाला बसल्यावर. सहाशे वर्षं उत्तर सापडत नव्हतं असं नाही, कुणाला द्यायचं नव्हतं.

सरकारला विचारण्याची वाट आणखी उशिरा खुली झाली. ब्रिटिशांच्या १८९२ च्या कायद्याने कायदेमंडळाच्या सदस्यांना प्रश्न विचारता येऊ लागले, पण उत्तरावर पुरवणी प्रश्नाला बंदी. ती १९०९ मध्ये थोडी सैल झाली.

सामान्य माणसाच्या हाती देशभर हक्क आला तो २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने. १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत, आणि माहिती कशाला हवी हे सांगण्याची सक्ती नाही. ही शेवटची तरतूद मला सगळ्यात मोठी वाटते. मात्र २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हटलं की ‘का?’चं उत्तर माहितीच्या व्याख्येत बसत नाही. नोंदीत असेल तेवढंच मिळेल. त्यामुळे ‘उजनी धरणाचं पाणी शहराला रोज का मिळत नाही?’ असा अर्ज टिकत नाही. पाणी सोडल्याचं वेळापत्रक, जलवाहिनीच्या दुरुस्तीच्या नोंदी, बिलं, ठरावांच्या प्रती असं एकेक मागावं लागतं, आणि ‘का’ अर्जदाराने स्वतः जुळवायचा.