सकाळचीच लघवी का मागतात? पट्टीच्या टेस्टची पार्श्वभूमी

वडोदऱ्यात दांडिया बाजारजवळच्या एका लॅबमध्ये मी सकाळच्या शिफ्टला असतो, लघवीत इन्फेक्शन आहे का ते केमिकलचे चौकोन लावलेली पट्टी तिच्यात बुडवून बघतो, आणि रोज कुणीतरी काकू विचारतातच, "अरे, आत्ताची दिली तर नाही का चालणार?" चालेल हो काकू, पण का नको ते सांगायचं तर पार बिअरच्या कारखान्यापर्यंत जावं लागतं.

पीटर ग्रीस हा जर्मन केमिस्ट, १९व्या शतकात इंग्लंडला बर्टनच्या एका ब्रूअरीत नोकरीला होता. नायट्राइट नावाचं रसायन असलं की रंग येतो ती रिॲक्शन त्याची, आणि आपल्या पट्टीवरचा गुलाबी होणारा चौकोन अजून त्याच केमिस्ट्रीवर चालतो. लघवीत नायट्रेट असतंच, ई. कोलायसारखे जंतू त्याचं नायट्राइट करतात, पण त्यांना ब्लॅडरमध्ये चारेक तास तरी मिळायला हवेत, म्हणून रात्रभर साठलेली पहिली लघवी. म्हणजे पट्टीला जंतू दिसतच नाहीत, त्यांनी करून ठेवलेला उद्योग दिसतो.

पट्टी आली १९५६ला. अमेरिकेतल्या एम्स कंपनीत अल्फ्रेड आणि हेलन फ्री या नवराबायकोने क्लिनिस्टिक्स काढली, ती मात्र साखरेसाठी, त्याआधी बेनेडिक्ट हे निळं द्रावण घालून टेस्ट ट्यूब तापवत बसायचं. गंमत म्हणजे त्याच वर्षी बोस्टनच्या एडवर्ड कॅसने एका मिलीलिटर लघवीत १ लाख जंतू म्हणजे इन्फेक्शन धरा असा आकडा मांडला. आता एवढं मोजायचं तर कल्चर, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघायचे, त्याला एकदोन दिवस, पेशंट तोवर जळजळीने हैराण, त्यामुळे झटपट काहीतरी हवंच होतं. मग पट्टीवर नायट्राइटचा चौकोन आला, पुढे पांढऱ्या पेशींचाही, तो दोन मिनिटांनी जांभळा होतो आणि लोक तीस सेकंदातच वाचून मोकळे होतात.

पण एन्टेरोकोकस हा जंतू नायट्राइट करतच नाही, व्हिटॅमिन सीच्या गोळ्या चालू असतील तरी रंग दबतो. उलट पावसाळ्यात पट्ट्यांच्या डबीचं झाकण उघडं राहिलं की चांगल्या लघवीतही गुलाबी येतं, आमच्याकडे एकदा लागोपाठ पाच पॉझिटिव्ह आल्यावर ट्यूब पेटली.

२०२४ला ८० लाख पौंडांचं लॉन्जिट्यूड प्राइझ हे ब्रिटनमधलं बक्षीस मिळालं ते लघवी झटपट तपासणाऱ्या एका मशीनला, ते पंधरा मिनिटात इन्फेक्शन आहे का ते आणि पाऊण तासात कुठलं ॲन्टिबायोटिक लागू पडेल ते सांगतं. आपल्या गल्लीत अजून पट्टीच, आणि प्रेग्नन्सीत तर ती क्लीन आली तरी डॉक्टर कल्चर लिहून देतात.