संश्लेषी जीवविज्ञान आणि प्रतिजैविकांचे किण्वन

सूक्ष्मजीवाच्या जनुकांची ठरवून नवी मांडणी करायची, त्याला टाकीत वाढवायचे आणि मूळ औषधापेक्षा सरस प्रतिजैविक त्याच्याकडूनच तयार करून घ्यायचे, अशी ही उत्पादनपद्धती आहे. प्रयोगशाळांत आणि कारखान्यांत ती सिंथेटिक बायॉलॉजी याच नावाने ओळखली जाते. ‘सरस’चा अर्थ दर वेळी वेगळा असतो. कधी औषधाला न जुमानणाऱ्या जंतूलाही मारणारा रेणू हवा असतो, कधी त्याच टाकीतून दुप्पट माल हवा असतो, तर कधी घातक द्रावके लागणाऱ्या रासायनिक पायऱ्या गाळायच्या असतात. मुंबईपुरते बोलायचे तर या विषयात दोन रेणूंना विशेष स्थान आहे. एक क्षयावरचे रिफामायसिन आणि दुसरे मुलुंडच्या मिठागरातल्या मातीने दिलेले मेर्सासिडिन. म्हणून या नोंदीत त्या दोघांवरच भर दिला आहे.

पूर्वपीठिका

दूध विरजणे किंवा इडलीचे पीठ आंबवणे हे घरोघरचे किण्वनच. प्रतिजैविकाचे किण्वनही तत्त्वतः तसेच असते, फक्त इथल्या विरजणात एकच जीव लागतो आणि दुसरा एकही चालत नाही. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिन सापडले, तरी ते माणसांना पुरेल इतके मिळायला दुसरे महायुद्ध उजाडले. अमेरिकेतील पिओरिया येथील प्रयोगशाळेत मका भिजवून उरणारे दाट पाणी खाद्य म्हणून वापरले गेले, खरबुजावर वाढलेली जास्त उत्पादक बुरशी हाती लागली आणि उथळ भांड्यांऐवजी खोल टाक्या आल्या. पुढे क्ष-किरण, अतिनील किरण आणि रसायने यांचा मारा करून त्या बुरशीच्या हजारो पिढ्यांतून उत्तम तेवढ्या निवडल्या गेल्या. मुळात दर मिलिलिटरला काही एकके देणाऱ्या बुरशीच्या वंशजांकडून आज हजारो एकके मिळतात. ही निवड जवळपास आंधळी होती. पेशीत नेमके काय बदलले ते बऱ्याच काळाने कळले : चांगल्या वाणांमध्ये पेनिसिलिन बनवणाऱ्या जनुकांच्या एकापुढे एक अनेक प्रती तयार झाल्या होत्या.

स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये मिळाले ते मातीतल्या स्ट्रेप्टोमायसीस या जिवाणूकडून. पहिल्या पावसानंतर येणारा मातीचा वास याच कुळातल्या जिवाणूंनी सोडलेल्या जिऑस्मिनचा असतो. भारतात सरकारी क्षेत्रातला पहिला प्रतिजैविक कारखाना, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पिंपरीला उभा राहिला. महाराष्ट्रात किण्वन जाणणाऱ्या तंत्रज्ञांची पहिली पिढी तिथे घडली.

सुधारणा टाकीबाहेर की टाकीत

गेली साठ-सत्तर वर्षे प्रतिजैविकांची सुधारणा मुख्यतः टाकीबाहेर झाली. जिवाणूकडून गाभा घ्यायचा आणि रसायनशास्त्रज्ञाने त्याला नव्या शाखा जोडायच्या. आम्पिसिलिन आणि रिफाम्पिसिन यांसारखी अर्धसंश्लेषित औषधे अशीच तयार झाली. मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपन्यांची अलीकडची उदाहरणेही याच प्रकारची आहेत. सिप्लाने २०१९ मध्ये ज्याचे हक्क घेतले ते प्लाझोमायसिन सिसोमायसिनपासून बनते आणि सिसोमायसिन किण्वनातून येते. वोकहार्टच्या नाफिथ्रोमायसिनचा गाभाही एरिथ्रोमायसिनचाच आहे. या पद्धतीला मर्यादा आहे. रेणूच्या कडेला असलेले गट बदलता येतात, पण मधल्या सांगाड्यात हात घालणे रसायनाला फार कठीण जाते. संश्लेषी जीवविज्ञानाचे खरे महत्त्व इथेच आहे. सांगाडा पेशी बांधते, त्यामुळे तो बदलायचा असेल तर पेशीलाच वेगळी सूचना द्यावी लागते.

अशी सूचना देता येते हे जनुकशास्त्रज्ञ डेव्हिड हॉपवुड यांच्या गटाने इंग्लंडमध्ये दाखवून दिले. १९८४ मध्ये त्यांनी एका प्रतिजैविकाची सगळी जनुके एकत्र उचलून दुसऱ्या जिवाणूत बसवली आणि १९८५ मध्ये दोन जिवाणूंच्या जनुकांतून तयार झालेले पहिले संकरित प्रतिजैविक जाहीर झाले. २००२ मध्ये स्ट्रेप्टोमायसीस सीलिकलरचा जनुकसंच वाचला गेला. तो जिवाणू मोजकीच प्रतिजैविके बनवतो असा समज होता, प्रत्यक्षात अशा रसायनांच्या वीसहून अधिक जनुकगटांची नोंद त्यात निघाली. त्यांतले बरेच गट प्रयोगशाळेतल्या खाद्यावर मुके राहतात. त्यांच्यापुढे जोरकस प्रवर्तक, म्हणजे जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा, बसवून किंवा तो गट दुसऱ्या, स्वतःचे असे गट काढून मोकळ्या केलेल्या जिवाणूत नेऊन त्यांना बोलते करणे हा आज या क्षेत्रातला मोठा उद्योग आहे. साधारण २०१५ पासून जनुके नेमक्या जागी कापून बदलणाऱ्या क्रिस्पर तंत्राने हे काम बरेच सोपे केले.

कारखान्यापर्यंत पोहोचलेले ठळक उदाहरण सेफालोस्पोरिनचे आहे. नेदरलँड्समधील डीएसएम कंपनीने पेनिसिलिनच्या बुरशीत स्ट्रेप्टोमायसीसचे एक जनुक घातले आणि खाद्यात अ‍ॅडिपिक आम्ल दिले. या जनुकाचे विकर (एन्झाइम) पेनिसिलिनचे पाच अणूंचे कडे सहा अणूंचे करते. जे काम पूर्वी लांबलचक रासायनिक साखळीने होई, त्यातला बराच भाग बुरशीच करू लागली.

रिफामायसिन

रिफामायसिन बनवणारा अमायकोलाटॉप्सिस मेडिटेरॅनी हा जिवाणू १९५७ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरील मातीतून इटलीतल्या लेपेटिट कंपनीच्या प्रयोगशाळेत वेगळा केला गेला. त्यापासून बनणारे रिफाम्पिसिन हा क्षयावरच्या उपचाराचा कणा आहे. मुंबईत हे लाल कॅप्सूल ओळखीचे आहे. ते घेतल्यावर लघवी नारिंगी होते, म्हणून डॉट्स केंद्रावरच्या ताई नव्या रुग्णाला आधीच सांगून ठेवतात, घाबरू नका. हे औषध जंतूच्या आरएनए पॉलिमरेज या विकराला चिकटून त्याचे काम थांबवते. त्या विकराच्या आरपीओबी या जनुकात, जेमतेम ८१ अक्षरांच्या पट्ट्यात बदल झाला की औषधाची पकड सुटते. क्षय आणि त्याचा रिफाम्पिसिनला प्रतिकार ओळखणाऱ्या सीबीनॅट चाचणीत पाहिला जातो तो हाच पट्टा.

या शहरात प्रतिकारक क्षयाचा प्रश्न जुना आहे. शिवडीचे महापालिकेचे क्षयरोग रुग्णालय तो रोज पाहते. २०११ च्या अखेरीस माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी तपासलेल्या कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदवले. त्या वर्णनावरून वाद झाला, पण जगाचे लक्ष मुंबईकडे गेले. त्यामुळे मूळ औषधाला शरण न येणाऱ्या जंतूलाही पकडेल असे रिफामायसिन पेशीकडूनच मिळवता येईल का, हा प्रश्न इथे अगदी जिव्हाळ्याचा ठरतो.

रिफामायसिन कसे बांधले जाते हे समजायला स्लॅब पडताना पाहावे. मजुरांची रांग उभी असते आणि घमेले हातोहात पुढे जाते. पॉलिकीटाइड सिंथेज या महाकाय विकरातही अशीच रांग असते, फक्त प्रत्येक जण पुढे सरकणाऱ्या मालात आपली एक भर घालून तो पुढच्याच्या हाती देतो. रिफामायसिनच्या रांगेत असे १० जण आहेत. त्यांतले ८ जण प्रोपिओनेटचा, म्हणजे एक मिथिल गट (एका कार्बनचा छोटा गट) जास्त असलेला तुकडा घालतात आणि दोघे अ‍ॅसिटेटचा. कोणता तुकडा उचलायचा ते प्रत्येकाच्या ठायी असलेला अ‍ॅसिलट्रान्सफरेज हा भाग ठरवतो.

दिल्ली विद्यापीठातले रूप लाल आणि अमेरिकेतील ओरेगन स्टेट विद्यापीठाचे ताइफो महमूद यांच्या गटांनी सहाव्या जागेवरचा हा भाग काढला आणि त्या ठिकाणी रॅपामायसिन हे दुसरे औषध बनवणाऱ्या विकराचा तसाच, पण अ‍ॅसिटेटचा तुकडा उचलणारा भाग बसवला. जिवाणूने ही अदलाबदल स्वीकारली आणि एक मिथिल गट कमी असलेले रिफामायसिन दिले. त्यापासून बनवलेले २४-डेसमिथिलरिफाम्पिसिन रिफाम्पिसिनला न जुमानणाऱ्या क्षयजंतूंच्या काही वाणांवर प्रयोगशाळेत परिणामकारक ठरले. हे काम २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांसाठीचे औषध म्हणून ते बाजारात आलेले नाही. तरीही सांगाड्यातला एक मिथिल गट काढल्याने निकामी झालेले औषध पुन्हा कामाला लागू शकते, हे त्याने स्पष्ट दाखवले. माझ्या मते भारतात या क्षेत्रात झालेल्या कामांत हे सर्वांत आशादायक आहे.

टाकीतले काम

जनुके बदललेला वाण हाती येणे ही अर्धीच वाट. असे वाण बहुधा मूळ वाणापेक्षा कमी उत्पादन देतात, कारण रांगेत नवा आलेला गडी शेजाऱ्यांच्या हाताशी जुळत नाही. उरलेली वाट फर्मेंटरमध्ये, म्हणजे किण्वनाच्या टाकीत, चालावी लागते.

गोठवलेल्या कुपीतला वाण आधी आगार या घट्ट जेलीसारख्या खाद्यावर आणि मग कापसाचा बोळा लावलेल्या फ्लास्कमध्ये वाढवतात. फ्लास्क शेकरवर दिवसरात्र गोल फिरत असतो. तिथून लहान सीड टाकी आणि शेवटी ५०,००० लिटरच्या किंवा त्याहून मोठ्या टाकीत ते बीज सोडतात. खाद्यात ग्लुकोज, सोयापीठ, शेंगदाण्याची पेंड आणि अमोनिअम सल्फेट अशा गोष्टी असतात. काही दिवसांत जिवाणूच्या तंतूंचे जाळे होऊन ब्रॉथ, म्हणजे टाकीतले द्रव, पिठल्यासारखा दाट होतो. मग हवा कितीही सोडली तरी प्राणवायू आतपर्यंत पोहोचत नाही. पंख्याचा वेग वाढवावा तर तंतू तुटतात आणि फेस वर चढतो, आणि फेस दाबायला तेल घालावे तर प्राणवायू विरघळणे आणखी मंदावते. पाळीवरचा ऑपरेटर काचेच्या खिडकीतून फेसाची पातळी पाहत असतो. फेस वरच्या फिल्टरपर्यंत गेला की बॅच बाहेरच्या जंतूंना मोकळी झाली असे समजावे. मुंबई-तारापूर पट्ट्यातल्या दमट हवेत ही भीती मोठी असते. शिवाय वाढणारा जिवाणू उष्णता सोडतो आणि टाकी मात्र २८ अंशांच्या आसपास ठेवायची असते, त्यामुळे इथे थंड पाण्यावरचा खर्चही लहान नसतो.

रिफामायसिनची एक खास गोष्ट अशी की जिवाणू त्याच्याशी मिळतीजुळती अनेक संयुगे एकदम बनवतो. खाद्यात बार्बिटाल हे रसायन घातले की त्यांतले रिफामायसिन बी प्रामुख्याने तयार होते. ते स्वतः जवळपास निष्क्रिय असते. त्याचे आधी रिफामायसिन एस आणि पुढे रिफाम्पिसिन करतात.

खाद्यातला कोणता घटक जिवाणू केव्हा संपवतो आणि औषध बनवायला केव्हा लागतो, याचे गणित आयआयटी मुंबईत प्रमोद वांगीकर आणि सहकाऱ्यांनी मांडले. २००४ मध्ये त्यांनी फ्लास्कमधल्या रिफामायसिन बी किण्वनासाठी मशीन लर्निंगच्या साह्याने खाद्याचे प्रमाण ठरवले. पुढे टाकीवरची उपकरणे क्षणोक्षणी देत असलेल्या आकड्यांवरून आत चाललेले बदल कसे ओळखावेत यावरही त्यांनी काम केले. जनुकबदलांच्या बातम्यांपुढे हे काम झाकोळून जाते. पण नवा वाण कारखान्यात टिकतो तो अशाच हिशोबांच्या बळावर.

मुलुंडचे मेर्सासिडिन

पूर्व द्रुतगती महामार्गावरून भांडुप-मुलुंडकडे जाताना खाडीच्या बाजूला मिठागरांचे चौकोन दिसतात. होएस्ट या जर्मन औषध कंपनीचे संशोधन केंद्र मुलुंडला होते आणि तिथले शास्त्रज्ञ भारतभरच्या मातीच्या नमुन्यांतून औषधे शोधत. याच मिठागरांच्या मातीतून वेगळ्या केलेल्या एका बॅसिलस जिवाणूकडून त्यांना मेर्सासिडिन मिळाले आणि त्याची सविस्तर माहिती १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. अवघ्या २० अमिनो आम्लांचा हा रेणू जंतूच्या पेशीभित्तीची वीट असलेल्या लिपिड-२ ला धरून ठेवतो. व्हँकोमायसिन हे प्रतिजैविकही त्यालाच धरते, पण दुसऱ्या जागी. पेनिसिलिनच्या कुळातल्या मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकस जिवाणूवरही मेर्सासिडिन चालते.

संश्लेषी जीवविज्ञानाच्या दृष्टीने मेर्सासिडिन रिफामायसिनपेक्षा कितीतरी सोपे आहे. इथे रांग नाही. अमिनो आम्लांचा क्रम थेट एका जनुकात लिहिलेला आहे आणि नंतर इतर विकरे त्या साखळीला कडी घालतात. जनुकातले अक्षर बदलले की रेणूतले आम्ल बदलते. त्याचा १२,००० हून थोड्या अधिक अक्षरांचा जनुकगट २००० मध्ये वाचला गेला. २००९ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी त्यात एकेका जागी बदल करून अनेक नवे प्रकार बनवले आणि त्यांतले काही मूळ रेणूपेक्षा प्रभावी निघाले. २०११ मध्ये सगळा गट हाताळायला सोप्या अशा दुसऱ्या बॅसिलसमध्ये यशस्वीपणे हलवला गेला. मुंबईच्या मातीतून निघालेल्या रेणूवर पुढचे बहुतेक काम जर्मनी, इंग्लंड आणि नेदरलँड्समध्ये झाले याची खंत वाटते. इथेही ते करता आले असते, करायला हवे होते.

नियमन आणि सांडपाणी

जनुके बदललेल्या सूक्ष्मजीवांवर भारतात पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम लागू आहेत. संस्थेची जैवसुरक्षा समिती, तिच्यावर जैवतंत्रज्ञान विभागाची पुनरीक्षण समिती आणि मोठ्या प्रमाणावरच्या वापरासाठी पर्यावरण मंत्रालयाची मूल्यांकन समिती अशी उतरंड आहे. २०२० च्या औषध-कच्चामाल प्रोत्साहन योजनेत पेनिसिलिन-जी, रिफाम्पिसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन यांसारख्या किण्वनजन्य पदार्थांचा समावेश झाला. स्वस्त आयातीपुढे देशातल्या टाक्या बंद पडत गेल्या होत्या, त्या पुन्हा सुरू व्हाव्यात हा त्यामागचा हेतू.

वाण घडवताना कोणत्या पेशीत नवे जनुक शिरले ते ओळखण्यासाठी खूण म्हणून बहुधा एखाद्या प्रतिजैविकाला प्रतिकार करणारे जनुकच जोडतात. कारखान्याकडे वाण जाण्यापूर्वी ही खूण काढून टाकणे आवश्यक आहे. बॅच संपल्यावर टाकीत तंतूंचा लगदा आणि औषधाचे अंश असलेले पाणी उरते. वाण वाफेने मारला तरी त्यातले डीएनए आणि उरलेले औषध आपोआप नाहीसे होत नाहीत. असे पाणी नीट शुद्ध न करता खाडीत गेले तर तिथल्या जिवाणूंना प्रतिकाराचा सराव होतो. त्यामुळे नव्या वाणाचा प्रकल्प आखताना लगदा जाळण्याची आणि पाण्यातले औषध मोजण्याची सोय फर्मेंटरच्या खर्चातच धरावी लागते.