जूबा (सिंफनीतील)

जूबा : अमेरिकेतील आफ्रिकी वंशाच्या गुलामांचा, अंगावर ताल धरून करायचा नाच, पुढे त्याच्या लयीवर बेतलेले वाद्यसंगीत. १७३९ मध्ये दक्षिण कॅरोलायनात स्टोनो नदीकाठी उठाव करणारे गुलाम ढोल वाजवत निघाले होते. पुढच्याच वर्षी तिथल्या कायद्याने गुलामांचे ढोल बंद केले. मळ्यांवर ताल धरायला अंगच होते. लुइझियानात बारा वर्षे गुलामीत काढलेल्या सॉलोमन नॉर्थपने १८५३ च्या आत्मकथेत ही रीत नोंदवली आहे : आधी गुडघ्यांवर थाप, मग टाळी, मग एका हाताने उजवा खांदा, दुसऱ्याने डावा, पायाने ठेका आणि तोंडाने गाणे.

रचनाकार नॅथॅनियल डेट यांनी १९१३ च्या पियानोरचनेत जूबा घेतला. सिंफनीत, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या अनेक भागांच्या मोठ्या रचनेत, त्याला मानाची जागा दिली ती कृष्णवर्णीय अमेरिकी रचनाकार फ्लोरेन्स प्राइस (१८८७–१९५३) यांनी. जिथे युरोपीय रचनाकार मिन्युएट (दरबारी नाचाची चाल) किंवा स्केर्त्सो (चपळ, खेळकर रचना) योजतात, त्या तिसऱ्या भागात त्यांनी जूबा ठेवला. ई मायनर या स्वरश्रेणीतल्या पहिल्या सिंफनीत व्हायोलिने अडखळत्या वजनाची धून छेडतात आणि बाकीची तंतुवाद्ये थापांचे काम करतात. हा केवळ लोकरंजनाचा तुकडा मानणे मोठा अन्याय आहे. बोस्टनच्या संगीतविद्यालयात शिकताना याच प्राइस यांचे गाव ‘प्वेब्लो, मेक्सिको’ असे नोंदवले गेले होते, कारण कृष्णवर्णीय म्हणून होणारा जाच टाळायचा होता. त्यांनी सिंफनीच्या पानावर मात्र ‘जूबा’ असे उघड लिहिले.

१५ जून १९३३ रोजी फ्रेडरिक स्टॉक यांच्या संचालनाखाली शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राने ही पहिली सिंफनी वाजवली. कृष्णवर्णीय स्त्रीची सिंफनी अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदाने वाजवण्याची ही पहिलीच वेळ. दहा वर्षांनी प्राइस यांनी बोस्टनच्या वाद्यवृंदाचे संचालक कुसेवित्स्की यांना पत्र लिहिले आणि सुरुवातीलाच आपल्या दोन अडचणी सांगितल्या : स्त्री असणे आणि वंश. कुसेवित्स्कींनी त्यांची एकही सिंफनी वाजवली नाही.

२००९ मध्ये इलिनॉयमधील सेंट ॲन गावातल्या एका पडक्या घरात प्राइस यांच्या हस्तलिखितांचे गठ्ठे सापडले. त्यांत १९४५ ची चौथी सिंफनी होती. तिचाही तिसरा भाग जूबाच. आर्कान्सॉ या त्यांच्या जन्मराज्यात, फोर्ट स्मिथ येथे, तो प्रथम वाजला २०१८ मध्ये.